तळेकोंडच्या यादीतून एक घर काढताना

सांगा बघू, एका विधवा बाईला गावातून काढायला किती माणसं लागतात?

काठ्या घेतलेली पन्नास, असं म्हणणार असाल तर तुम्ही अजून आजोबांच्या जमान्यात राहता. तळेकोंडात दोन पुरली. एक गावात देवळासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, दुसरा मुंबईत सोफ्यावर. दोघांनी मोबाईलवर एकेकदा बोट टेकवलं, झालं. आणि एवढं बोट टेकवण्याचं कामही त्या शहाण्यांना धड जमलं नाही. ते का जमलं नाही हे सगळ्या गावात एकाच माणसाला आधीपासून माहीत होतं. ती राही.

राही काशीराम गोताड, वय सत्तावीस. रत्नागिरीतून एसटीनं तासभर, कातळाचा सडा ओलांडून खाली उतरलं की तळेकोंड. चौसष्ट घरं, एक देऊळ, दगडी पायऱ्यांची एक पाखाडी आणि पुढारी मात्र घरटी दीड. राहीचा बाप काशीराम वीस वर्षं लोट्याला केमिकल कंपनीत. भाड्याच्या खोलीत राहायचा, कंपनीच्या बसमध्ये झोपायचा, आणि हातांची कातडी सोलून घेऊन शेवटी घरी येऊन बसला. राही बी.कॉम. झाली. कॉम्प्युटरचा म्हणाल तर एकही कागद तिच्याकडे नाही. घराच्या वर काजूच्या झाडाखाली रेंज येते, तिथं कातळावर बसून तिनं मोबाईलवर बघून बघून पीएचपी शिकून घेतली. पीएचपी म्हणजे वेबसाइटच्या पोटात चालते ती भाषा. फी नाही, क्लास नाही, गुरू नाही. उन्हात कातळ तापला की उठायचं, निवला की परत बसायचं.

मग रत्नागिरीत मांडवीला राजाभाऊ लिमये यांच्या लॉजवर तिला काम मिळालं. बुकिंगची वेबसाइट सांभाळायची. तिथं तिनं एक चूक केली, आणि ती चूक तिनं स्वतः केली म्हणूनच ही गोष्ट घडली.

बुकिंगवाल्यांची नावं एका यादीत असत. पीएचपीत तिला अ‍ॅरे म्हणतात. ओळीनं मांडलेले डबे समजा. फक्त पहिल्या डब्याचा नंबर एक नसतो, शून्य असतो. कुणी बुकिंग रद्द केलं की राहीचा प्रोग्राम यादीत त्याचं नाव शोधायचा, डब्याचा नंबर हातात घ्यायचा आणि तो डबा फेकून द्यायचा. महिनाभर सुरळीत चाललं. एके दिवशी कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी बुकिंग रद्द केलं, आणि आपलं काम झालं की नाही या शंकेनं तासाभरानं पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी नाव यादीत नव्हतंच. नाव सापडलं नाही की ते शोधणारं फंक्शन नंबर देत नाही, ‘फॉल्स’ देतं. म्हणजे नाही. आणि पीएचपी ही अशी मुकाट बाई आहे की जिथं डब्याचा नंबर हवा तिथं तुम्ही तिच्या हातात ‘नाही’ ठेवलंत, तर ती विचारत नाही, ओरडत नाही, ते शून्य समजते आणि शून्य नंबरचा डबा फेकून देते. शून्य नंबरला साताऱ्याचं एक कुटुंब होतं. ते चार बॅगा आणि दोन पोरं घेऊन लॉजच्या दारात उभे राहिले आणि त्यांची खोलीच नव्हती.

राजाभाऊंनी तिला त्या पाहुण्यांसमोर झाडली. जेवणाचा डबा न उघडता ती मांडवीच्या जेटीवर लॅपटॉप घेऊन बसली आणि दुपारपर्यंत दुखणं शोधून उठली. इलाज एका ओळीचा. फेकायच्या आधी विचारायचं, सापडलं का? आणि विचारताना बरोबरची दोन चिन्हं लावायची नाहीत, तीन लावायची. दोन चिन्हांना शून्य आणि ‘नाही’ यातला फरक दिसत नाही. सापडलं तर तो एकच डबा काढायचा. नाही सापडलं तर हात लावायचा नाही, आणि ‘सापडलं नाही’ असं स्वच्छ सांगायचं. तेव्हापासून राहीचा एकही पाहुणा हरवला नाही.

आता गावाकडे.

शिमग्यात तळेकोंडच्या देवीची पालखी घरोघर फिरते. कुठल्या घरी कितवी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पहिला मान गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, महिपत याच्या घराला. पालखी अंगणात येते, घरची बाई ओटी भरते, मुंबईकर त्या एका तासासाठी रात्रभर प्रवास करून येतात. ज्या घरी पालखी येते ते घर गावाचं. जिथं येत नाही तिथं सुतक तरी असतं, नाहीतर त्या घराला वाळीत टाकलेलं असतं. सुतक बारा दिवसांत फिटतं.

मुंबईकरांना वेळ कळावी म्हणून महिपतचा पुतण्या अजिंक्य यानं गावाची वेबसाइट बनवली. अजिंक्य पुण्यात इंजिनीअर. त्याच्या गळ्यातला कंपनीचा पट्टा शिमग्यातसुद्धा सुटत नाही. वेबसाइटवर चौसष्ट घरांची यादी आणि खाली एक चौकोन: नाव लिहा, ‘काढा’ दाबा. सुतकवाल्या घरांसाठी. आधीच्या वर्षी रघू गोताडच्या घरी सुतक आलं. रघूचं नाव लिहिलं, दाबलं. पण गावात रघू गोताड दोन. अजिंक्यच्या प्रोग्राममध्ये यादीतून नावाची सरसकट वजाबाकी होती. त्या नावाचे जेवढे, तेवढे सगळे गेले. दुसऱ्या रघूची बायको येसूबाई सकाळी दहापासून तीनपर्यंत आरतीचं तबक धरून दारात उभी, आणि पालखी दगडी गडग्यापलीकडून निघून गेली.

राहीनं अजिंक्यला फोन लावला. म्हणाली, दादा, एकच काढायचा असतो तेव्हा वजाबाकी चालत नाही, आणि नावावर जाऊच नको, घर नंबरावर जा. घर नंबराचं त्यानं ऐकलं नाही. पण उपकार केल्यासारखं वजाबाकी काढून टाकली, आणि नाव शोधून एकच डबा फेकणारं ते दुसरं तंत्र घातलं. त्यानं पाठवलेल्या फोटोत राहीनं ते बघितलं आणि तिला साताऱ्याची पोरं आठवली. तिनं पुन्हा फोन केला. नाव सापडलं नाही तर काय होईल हे त्याला नीट समजावून सांगितलं. अजिंक्य हसला.

“एकदा काढलेलं नाव परत काढायला कोण जाणार गो? तू क्लास कुठला केलास?”

पुण्याच्या हवेत चार वर्षं काढून माणसाला एवढंच विचारता येतं. पुढं त्याला कंटाळा आला, आणि यादीतले मोबाईल नंबर बदलण्याची, वेळा घालण्याची हमाली त्यानं राहीकडे सोपवली. प्रोग्राम मात्र स्वतःच्या कुलपात ठेवला. ‘काढा’च्या बटणाची चावी तिघांकडे: महिपत, मुंबई मंडळाचा सेक्रेटरी दीपक आणि राही.

आता कमळा काकी. नवरा गेलेला, मुलगी सासरी, स्वतः साठीला टेकलेली. तिच्या मळ्याच्या बांधावरून महिपतला सड्यावरच्या आपल्या प्लॉटकडे रस्ता न्यायचा होता. त्याला गावचा रस्ता म्हणायचं. त्या रस्त्यावर गाव म्हणजे एकटा महिपत. न विचारता जेसीबी घातला, बांध फुटला. कमळा काकीनं जेसीबीच्या पुढ्यात बसकण मारली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसून तहसीलदारांकडे अर्ज देऊन आली. काम थांबलं. गावकीच्या पोटात दुखायला तेवढं पुरलं.

देवळासमोर सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, बैठक बसली. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे हे या लोकांना चांगलं माहीत असतं. अभ्यास म्हणून नाही, पळवाट शोधायला. म्हणून ठराव नाही, सही नाही, शब्दही नाही. महिपत नुसता म्हणाला, यंदा यादी मशीन करणार, मशीनच्या हातून एखादं नाव राहतं कधी कधी. सगळे हसले. जे कमळाच्या हातची पेज पिऊन वाढले तेही हसले. त्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोलेना.

आणि कमळाचं नाव तू काढ, हे सांगायला महिपतनं राहीला बोलावलं. चावी असून ते स्वतः का करायचं नाही? कारण उद्या बोट दाखवायला कुणाचं तरी बोट हवं.

राहीनं सांगितलं, मी सुतकाशिवाय नाव काढत नाही. महिपतनं आधी गोड लावलं, मग तिच्या बापाच्या आजारपणात गाडी कुणी दिली याची आठवण काढली, मग तिचं लग्न अजून व्हायचंय याचीही काढली. राही उठली. पण उठताना तिनं खरं तेच सांगितलं, लपवून ठेवलं नाही.

“तात्या, तुम्ही दाबणार असाल तर एक ऐका. तेच नाव कुणी दुसऱ्यांदा काढलं तर यादीतलं पहिलं घर जाईल. माझं नका ऐकू, अजिंक्यदादाला विचारा.”

“पयला घर माजा हाय,” महिपत म्हणाला. “ता कोण काढतोय?”

शुक्रवारी दुपारी महिपतनं कमळाचं नाव लिहून ‘काढा’ दाबलं. प्रोग्राम म्हणाला, काढलं. मग त्यानं दीपकला फोन करून सांगितलं की तेवढं बघ. दीपक मुंबईतला कर्तबगार माणूस. बघ म्हटल्यावर बघून गप्प बसला तर सेक्रेटरी कसला? त्यानंही कमळाचं नाव लिहिलं आणि ‘काढा’ दाबलं. नाव नव्हतंच. प्रोग्राम ‘सापडलं नाही’ म्हणायला शिकलेलाच नव्हता. तो म्हणाला, काढलं. आणि शून्य नंबरचा डबा गेला. दीपकनं यादी पक्की केली, तिचा फोटो शनिवारी सकाळी गावाच्या ग्रुपवर टाकला. घरं बासष्ट. कमळा नाही. महिपतही नाही.

महिपतनं यादी उघडलीच नाही. आपला नंबर पहिला हे ज्याला जन्मापासून माहीत, तो यादी कशाला वाचेल?

गावानं मात्र वाचली. आणि इथं तळेकोंडनं जी करामत केली ती पुण्याच्या कुठल्या इंजिनीअरलाही सुचायची नाही. कुणी विचारलं नाही, हे कसं काय? कुणी फोन उचलला नाही. यादीत नाव नाही म्हणजे त्या घराशी बोलायचं नाही, एवढंच गावाला पाठ. ते त्यांनी इमानदारीत केलं. शनिवारी सकाळी महिपतच्या दारात दूध आलं नाही. दुकानदारानं साखर संपली म्हणून सांगितलं; पोतं समोर उभं. सहाणेवर पोरं मांडव बांधत होती, महिपत येताच सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. त्याची बायको विहिरीवर गेली तर चार बायका अर्धे हंडे उचलून चालत्या झाल्या. कारण विचाराल तर तेही गावानं स्वतःच तयार केलं: प्लॉटच्या भानगडीत मुंबईकरांनीच काढला असणार, बरोबरच केलं, कधी ना कधी होणारच होतं. गावातला एकही बाप्या महिपतला सांगायला गेला नाही की तुझं नाव नाही. सांगणार कसा? यादीत नसलेल्याशी बोलतात का?

तीस वर्षं ज्यानं गावाला हे शिकवलं, त्याचा धडा गावानं त्यालाच म्हणून दाखवला. तोही चुकून.

सोमवारी सकाळी राही एसटीला निघाली होती. महिपत पाखाडी चढून दारात आला. दोन दिवस दाढी केलेली नव्हती. एखाद्या नातवाकडून यादी उघडून घेतली असावी.

“राही बाय, माजा नाव खय गेला?”

“कमळा काकीचं गेलं तिथंच.”

“चेष्टा नको. मशीनची चूक हाय ती.”

“मशीनची नाय तात्या. दोघांनी दोनदा काढलं, आणि मशीनला ‘सापडलं नाही’ म्हणायला तुमच्या पुतण्यानं शिकवलं नाय.”

“तुला परत पयल्या नंबरावर घालाय येता का नाय?”

खोटं बोलली असती तर सोपं होतं. येत नाही म्हणाली असती तर घर वाचलं असतं, बाप वाचला असता. राहीनं पिशवी खाली ठेवली.

“येतं. एका ओळीचं काम आहे, आता करते. पण चौसष्ट घरं घालीन. त्रेसष्ट घालणार नाय.”

महिपतनं आवाज पडवीकडे वळवला. “काशीराम, तुजा काय म्हणणा हाय? पोरीला सांग. उद्या तुज्या घराला पण काय झाला तर माज्याकडं येव नको.”

पडवीत काशीराम हातांना मलम लावत बसला होता. आठवडाभर हाच बाप राहीला सांगत होता की आपण लहान माणसं, गावाच्या आड जाऊ नको. काशीरामनं डबीचं झाकण लावलं, सावकाश.

“दोन दिस कसा वाटला महिपत?” तो म्हणाला. “ती बाय म्हयनाभर तसाच बघतेय.”

महिपत पाखाडी उतरून गेला. तो हरला असं समजू नका. त्याच्याकडे पुणं होतं. दुपारपर्यंत अजिंक्यनं हातानं काकांचं नाव पहिल्या नंबरावर बसवलं, शुक्रवारी कोणी कधी काय दाबलं याच्या सगळ्या नोंदी सर्व्हरवरून साफ केल्या, आणि राहीची चावी बंद केली. ग्रुपवर नवी यादी आली. वर दीपकची ओळ: मशीनच्या चुकीने जुनी यादी चुकीची गेली, सर्वांनी ती डिलीट करावी. घरं त्रेसष्ट. संध्याकाळी महिपतच्या दारात दूध आलं, दुकानात साखर उगवली, आणि झालं गेलं त्याबद्दल कुणी हूं का चूं केलं नाही.

शिमग्याच्या दिवशी कमळा काकीनं तरीही अंगण सारवलं. राही रजा घेऊन तिच्याबरोबर बसली होती. ढोल पाखाडीवरून खाली आले, गडग्यापाशी आले. याच पालखीला मातीखाली पुरलेला नारळ सापडतो, हे दरवर्षी हात जोडून सांगणारे तेच खांदेकरी. चाळीस पावलांवरचं सारवलेलं अंगण त्यांना सापडलं नाही. पालखी वर वळली. काकीनं तबकातला खण घडी करून ठेवला.

“देवीचा काय नाय गो,” ती म्हणाली. “खांद्यावर घेणारे नेतील तिकडं जायाचा तिना.”

राहीला वाटलं, काकी आता मुलीच्या सासरी निघून जाईल. तेच तर गावकीला हवं होतं, बांध मोकळा. पण काकीनं पदर खोचला आणि म्हणाली, उद्या कुठली एसटी धरायची ते सांग.

दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार लिहून घेतली. महिपतला बोलावलं, आणि तो बेटा हसत आला. म्हणाला, साहेब, मशीनची चूक, माझं स्वतःचं नाव गेलं होतं, गावकराचं, विचारा कुणालाही. ज्या फजितीनं तो दोन दिवस कोपऱ्यात बसला होता तीच त्यानं छातीवर बिल्ल्यासारखी लावली. माणसाला लाज नसली की कशाचंही भांडवल होतं.

तिथं राही बोलली. तिनं आपल्या मोबाईलमधल्या दोन याद्या टेबलावर ठेवल्या. पहिलीत दोन घरं नाहीत. ती मशीनची चूक, मानू या. दुसरीत एकच नाही. म्हणजे चूक बघितली, चूक दुरुस्त केली, आणि दुरुस्त करताना एक घर वगळून केली. ते मशीननं केलेलं नाही, कोणीतरी बसून हातानं केलंय.

अंमलदारांनी दोन्ही याद्या पुन्हा पुन्हा बघितल्या. मुद्दा त्यांना पटलेला दिसला. पण ते म्हणाले, वेबसाइट तूच सांभाळत होतीस, तुझ्याच मोबाईलातला फोटो. समोरचा वकील म्हणेल तूच बनवलास. दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर ही पहिली यादी दाखव, एकाच्या तरी. मग बघू.

ग्रुपवर एकशे नव्वद माणसं आहेत. राही घरोघर फिरली. येसूबाई, जी तबक घेऊन पाच तास उभी होती, तिनंही दार अर्धंच उघडलं. आमच्या ह्यांनी पुसली गो, म्हणाली. दुकानदारानं पुसली. मांडववाल्या पोरांनी पुसली. डिलीट करावी म्हटल्याबरोबर गाव असं कामाला लागलं की पाणंदीच्या सफाईला कधी लागलं नाही. आता काशीरामच्या घरीही दूध येत नाही. तो स्वतः जाऊन कमळा काकीच्या फुटक्या बांधावर दगड रचतोय, सोललेल्या हातांनी, आणि राही मांडवीहून परत आली की उरलेला दिवस त्याला आणि काकीला दगड देते. काकी अजून गावात आहे. तहसीलदारांच्या मनाईची मुदत पावसाळा संपेपर्यंत आहे. ठाण्यात गुन्हा नोंदला तर रस्ता कायमचा अडेल, नाही नोंदला तर ऑक्टोबरात जेसीबी परत येईल.

तळेकोंडचे मुंबईकर हो, तुम्हीही हे वाचताय. दिवा, नालासोपारा, विरार, जिथं असाल तिथं. तुमच्यातल्या अर्ध्यांनी आळसानं ग्रुपमधलं काहीच कधी पुसलेलं नाही. त्या आळसानं आयुष्यात एक तरी बरं काम करू द्या. मोबाईल काढा. शिमग्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी आलेला फोटो शोधा, घरं बासष्ट असलेला. असेल तर पुसू नका, आणि राहीला पाठवा. नाव झाकून नको, स्वतःच्या नावासकट पाठवा.